ग्लॉसी कागदावरचा फोटो: प्रबंधातला पुरावा नीट कसा छापायचा?

प्रबंधात लावलेला फोटो म्हणजे सजावट नाही, तो पुरावा असतो. तुमचं वाचन बरोबर की चूक, हे परीक्षक त्या फोटोवरूनच ताडून बघतात. म्हणून छपाई शेवटच्या रात्रीवर ढकलू नका.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. १९३९ साली वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वाशिम म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. पुढे वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख संपादित केले. तो खंड १९६३ साली निघाला. अशा ग्रंथांत वाचनाबरोबर लेखाच्या ठशांची चित्रंही असतात, म्हणजे वाचणारा स्वतः पडताळू शकतो. वाकाटकांच्या बऱ्याच ताम्रपटांत अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकट असते. ती कधी पोकळ असते, कधी भरीव. आता समजा, तुमच्या प्रिंटमध्ये शाई पसरली आणि पोकळ चौकट भरून गेली. मग परीक्षकाला दिसेल ते ताम्रपटावर नाहीच! तुमचा विषय काळवीट असो की पिकावरची कीड, अडचण हीच.

आधी फाइल बघा

छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा चांगला हिशेब आहे. ६ × ४ इंचांच्या फोटोला १८०० × १२०० पिक्सेल लागतात, ए४ पानाला साधारण ३५०८ × २४८०. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो (४००० × ३०००) ए४ला पुरतो. पण व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. प्रिंटरवर लिहिलेला ५७६० हा आकडा शाईच्या थेंबांचा असतो, फोटोच्या पिक्सेलचा नाही. या दोन्हींची गल्लत करू नका.

फोटो काढतानाच वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवा. ‘फिट टू पेज’मुळे आकार बदलला तरी प्रमाण कळतं.

कागद आणि शाई

चांगल्या इंकजेट ग्लॉसी कागदावर अतिसूक्ष्म छिद्रांचा थर असतो. तो शाईतलं द्रव पटकन ओढून घेतो आणि रंग वर धरून ठेवतो. हा थर सहसा एकाच बाजूला असतो, म्हणून चकचकीत बाजूवरच छापा. हा कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. तिथल्या उष्णतेने थर वितळून यंत्राला चिकटू शकतो.

शाईचे दोन प्रकार आहेत. डाय शाई विरघळलेली असते. ती थरात मुरते आणि छान चमकते, पण उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने लवकर फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ती जास्त टिकते, पण ग्लॉसीवर तिरकं बघितलं की कधीकधी तांबूस झाक दिसते. बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंगीत शाई डाय असते. त्या काळ्या शाईचे कण ग्लॉसी थरात मुरत नाहीत, वरच राहतात आणि बोटाला लागतात.

सगळ्यात मोठी चूक: ‘प्लेन पेपर’

प्रिंटरला कागद ओळखता येत नाही, आपणच सांगावं लागतं. सेटिंगमध्ये ‘प्लेन पेपर’ राहिलं, तर शाईचं प्रमाण साध्या कागदाचं राहतं आणि ती काळी पिगमेंट शाईही वापरली जाते. ‘ग्लॉसी फोटो पेपर’ निवडलं की असे प्रिंटर काळा रंग रंगीत शाया मिसळून तयार करतात.

रंगांचं नियंत्रण एकाकडेच द्या: प्रिंटरकडे किंवा सॉफ्टवेअरकडे. दोघांनीही दुरुस्ती केली की रंग बिघडतो. प्रिंट काळपट येत असेल तर आधी स्क्रीनचा उजेड कमी करून बघा. फार उजळ स्क्रीनवर अंधारा फोटोही छान दिसतो.

आता प्रयोग करा

प्रयोगाचा नियम इथेही लागू आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी नोझल चेक काढा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पडून राहिलेल्या प्रिंटरची छिद्रं सहज तुंबतात. मग फोटोतला सगळ्यात बारीक तपशील असलेला तुकडा निवडा आणि तो तीन वेगळ्या सेटिंगवर, त्याच कागदावर छापा. प्रत्येकामागे पेन्सिलने सेटिंग लिहा. दुसऱ्या दिवशी, खिडकीच्या उजेडात, भिंगाखाली तिन्ही बघा. पोकळ चौकट पोकळ दिसते का? राखाडी भाग हिरवट किंवा गुलाबी तर झाला नाही ना?

एक दिवस थांबायचं कारण आहे. प्रिंट हाताला कोरडा लागला तरी आतलं द्रव पूर्ण उडायला साधारण २४ तास लागतात. पावसाळ्यात आणखी वेळ द्या. तोपर्यंत प्रिंट एकावर एक रचू नका आणि बाइंडिंगला देऊ नका. उरलेला कागद पाकीट बंद करून ठेवा, म्हणजे दमट हवेने वाकणार नाही.

ठरलेलं सेटिंग, कागदाचं नाव आणि शाईचा प्रकार वहीत टिपून ठेवा. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी दुसरी प्रत मागितली, तर तीही पहिलीसारखीच निघाली पाहिजे.