काळ्या जमिनीत घर बांधताना

शेतकऱ्याच्या आयुष्यात नवे घर बांधण्याचा प्रसंग बहुधा एकदाच येतो, आणि त्याकरिता लागणारा पैसा अनेक हंगामांच्या कापसातून, तुरीतून व सोयाबीनमधून साठविलेला असतो. हा पैसा कोठे घालावा याचा निर्णय मात्र कित्येकदा घाईने होतो. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत अशा घाईचा परिणाम दोन-तीन पावसाळ्यांतच दिसू लागतो. श्रावणात जे दार चौकटीत घट्ट बसते ते चैत्रात सैल होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघून छताकडे जाते. फरशीचा मध्य फुगून वर येतो, आणि गिलावा कितीही वेळा केला तरी भेग पुन्हा त्याच जागी उघडते. अशा वेळी बोल बहुधा गवंड्याला अथवा सिमेंटला लावला जातो. वास्तविक भेगेचे मूळ पायाखालच्या मातीत असते.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्यास नवा नाही. तिच्यातील चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांत माँटमोरिलोनाइट जातीच्या खनिजाचे प्रमाण अधिक असते. या खनिजाचे पापुद्रे पाणी आत घेऊन एकमेकांपासून दूर सरकतात व माती फुगते. पाणी निघून गेले की ती आकसते व तिला हातभर खोल भेगा पडतात. याच गुणामुळे पावसाळ्यातील ओल धरून ठेवून ती रब्बीचा हरभरा पिकविते. पिकास जो गुण उपकारक, तोच भिंतीस घातक ठरतो. फुगणारी माती घरास सर्व बाजूंनी सारखी उचलती तरी फारसे नुकसान नव्हते. परंतु भिंतीच्या बाहेरील कडेची माती पावसाने भिजते व उन्हाने तडकते, तर घराच्या मध्याखालची माती वर्षभर जवळजवळ एकाच ओलीत राहते. त्यामुळे घराचा एक भाग हलतो, दुसरा स्थिर राहतो, आणि मधल्या भिंतीस भेग पडते.

जुन्या गावांनी या अडचणीवर आपल्या परीने मार्ग काढला होता. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असा भेद वऱ्हाडात सर्वत्र केला जातो. तिवसा तालुक्यातील वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे याचे ठळक उदाहरण होय. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गावी पुरातन वस्तीची टेकाडे आहेत. साठच्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी त्यांचे उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा टेकाडांत एका वस्तीवर दुसरी वस्ती चढत गेलेली असते. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेणामातीचे सारवण यांचे थर साचून जी माती बनते ती काळीप्रमाणे फुगत नाही, आणि उंचावर असल्याने तेथे पाणीही साचत नाही.

तथापि पांढरीवरील जागाही डोळे मिटून घेऊ नये. तेथे बुजलेली धान्याची पेवे, जुन्या विहिरी, उकिरड्याचे खड्डे व भुसभुशीत भर असण्याचा संभव असतो. पायाचे चर खणताना माती एकाएकी मऊ लागली किंवा पहार सहज खाली गेली, तर तो भाग कठीण थर लागेपर्यंत खणून काढावा. तसेच प्राचीन अवशेष असलेल्या टेकाडाची माती घराकरिता खणून आणू नये; संरक्षित स्थळी असे करणे कायद्याने गुन्हा आहे.

आता गावठाणे भरली आहेत. भाऊ वेगळे होतात आणि नवी घरे काळीत अथवा नदीकाठच्या मोकळ्या जागेत उभी राहतात. नदीकाठची जागा घेताना मातीच्याही आधी पुराचा विचार केला पाहिजे. ३० जुलै १९९१ रोजी याच वर्धेच्या पुराने वरच्या अंगाचे, नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले व दोनशेहून अधिक माणसे बळी गेली. कौंडण्यपूरच्या वरच्या बाजूस मोर्शीजवळ आता ऊर्ध्व वर्धा धरण आहे. परंतु धरण भरलेले असताना जोराचा पाऊस झाल्यास पाणी खाली सोडावेच लागते. पाटबंधारे खाते नदीची पूररेषा आखते. त्यांपैकी निळी रेषा सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत घर बांधूच नये. दोन्ही रेषांमधील जागेत बांधकामावर निर्बंध असतात. तेव्हा पैसे देण्यापूर्वीच चौकशी करावी. गावातील वृद्धांस पाणी कोठवर चढले होते हे पाठ असते, त्यांनाही विचारावे. शेतजमिनीवर बांधावयाचे असल्यास तलाठ्याकडे, आणि गावठाणात ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीकडे परवानगीबाबत आधीच जावे.

जागा निश्चित झाल्यावर मातीची परीक्षा घरच्या घरी करता येते. प्रस्तावित पायाच्या खोलीवरची मूठभर माती उन्हात खडखडीत वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करावी. काचेचे दोन सारखे उभे पेले घेऊन दोहोंत ती सारख्या मापाने घालावी. एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरून ढवळावे आणि पेले एक दिवस व एक रात्र न हलविता ठेवावेत. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीचा थर रॉकेलमधील थरापेक्षा दीडपट किंवा अधिक उंच झाला, तर ती माती पायाच्या दृष्टीने धोक्याची समजावी. प्रयोगशाळेतील परीक्षा याच तत्त्वावर, परंतु मोजून मापून केली जाते. घरगुती परीक्षा तिची जागा घेऊ शकत नाही, पण सावध मात्र निश्चित करते. मुरूम किती खोल आहे हे कळण्यास शेजारची विहीर पुरते. तिच्या न बांधलेल्या काठावर काळीचा थर, पिवळसर माती आणि मुरूम स्पष्ट दिसतात.

मुरूम चार-सहा फुटांवर लागत असेल तर निर्णय सोपा आहे. चर मुरमापर्यंत न्यावेत, तळ सारखा करून त्यावर काँक्रीटचा थर द्यावा व दगडी बांधकाम वर आणावे. पायाच्या दोन्ही बाजूंस राहिलेली पोकळी निघालेल्या काळ्या मातीने भरू नये. तेथे मुरूम अर्धा-अर्धा फुटाच्या थरांनी, पाणी मारून व धुमसून भरावा. नुसती रेती भरल्यास तिच्यातून पावसाचे पाणी झिरपत थेट पायाशी पोहोचते. जोत्याच्या पोटातही मुरूमच भरावा. खणून निघालेली काळी माती जोत्यात भरणे ही वऱ्हाडात सर्रास होणारी चूक आहे. वाहतुकीचे दोन पैसे वाचतात आणि फरशी कायमची बिघडते. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा दाबलेला थर काळ्या मातीवर दिला असता तिचे फुगणे आटोक्यात राहते, असे प्रयोगांनी दाखविले. चांगला चिकट मुरूम पुष्कळदा या कामास उपयोगी पडतो.

मुरूम फार खोल असेल तर चर खणत राहणे परवडत नाही. अशा ठिकाणी रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेला फुगीर बुडाच्या खांबांचा पाया उपयुक्त ठरतो. हाताने फिरवावयाच्या गिरमिटाने जमिनीत उभे छिद्र पाडून त्याच्या तळाशी खास अवजाराने खांबाच्या व्यासाच्या सुमारे अडीचपट रुंद पोकळी कोरतात, आणि सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. खोल काळ्या मातीत अशा खांबाची लांबी साडेतीन मीटरहून कमी ठेवीत नाहीत; कारण त्या खोलीखाली ऋतुमानाप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. रुंद बूड तेथे घट्ट बसते व वरची माती फुगली तरी खांब उपटला जात नाही. खांबांच्या माथ्यावरून काँक्रीटची तुळई जाते. तिच्या व जमिनीच्या मध्ये सुमारे तीन इंच पोकळी ठेवणे अगत्याचे आहे. गवंडी ही पोकळी निरुपयोगी समजून बुजवून टाकतात, आणि मग फुगणारी माती तुळईस खालून ढकलते. खांब किती व कोठे हे पंचायत समितीच्या अथवा अन्य जाणत्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावे.

अलीकडे कॉलम उभे केले म्हणजे घर पक्के झाले, असा समज पसरला आहे. चार फूट खोल काळीत टेकविलेला कॉलम हा त्या मातीबरोबरच वर-खाली होतो, आणि प्रत्येक कॉलम निराळ्या मापाने. लोखंडावर झालेला तो खर्च घरास आधार देत नाही.

पाया कितीही उत्तम असला तरी त्याच्याजवळ पाणी मुरू देऊ नये. घराभोवती सहा फूट रुंदीची मुरमाची, शक्य तर फरसबंदीची पट्टी बाहेर उतार देऊन करावी. छपराचे पाणी पन्हळीने दूर न्यावे. न्हाणीचे व मोरीचे सांडपाणी भिंतीलगत सोडू नये. ते नळीने परसबागेतील केळी-अळूस द्यावे. शोषखड्डा घरापासून शक्य तितका लांब असावा. झाडांच्या बाबतीत पुष्कळांस आश्चर्य वाटेल, परंतु भिंतीलगतचा कडुनिंब किंवा निलगिरी मुळांवाटे पायाखालची ओल शोषून माती आकसवितो. झाड पूर्ण वाढल्यावर जितके उंच होईल तितके ते घरापासून दूर असणे चांगले.

बांधकामाचा काळ हाही निर्णयाचाच भाग आहे. वैशाखात माती अगदी कोरडी असते. तेव्हा घातलेल्या पायाखाली ती पहिल्याच पावसात फुगते. पावसाळ्यात चरात पाणी साचते. दिवाळीनंतर जमिनीतील ओल मध्यम असते, मजूर मिळण्याची अडचण कापूस वेचणी संपताच कमी होते, आणि कापसाचा पैसाही हातात येतो. शिवाय सिमेंटचे काम किमान ७ दिवस, व राखमिश्रित सिमेंटचे १० दिवस, सतत ओले ठेवावे लागते. विहिरीस पाणी असेपर्यंतच हे साधते. ४५ अंशांच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी शिंपडून भागत नाही. खणलेले चर महिनोन्‌महिने उघडे टाकू नयेत.

साहित्यापैकी विटेकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे, कारण निव्वळ काळ्या मातीची वीट वाळताना तडकते व भाजल्यावरही दुबळी राहते. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो की नाही हे पाहावे. कोरडी वीट तोलून एक दिवस पाण्यात बुडवावी व पुन्हा तोलावी. वजन पाचव्या भागाहून अधिक वाढले तर तो माल नाकारावा. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेपासून केलेल्या विटा आकाराने सारख्या व चांगल्या असतात, मात्र त्याही याच कसोट्यांवर घ्याव्यात. रेतीकरिता बाटलीत चमचाभर मीठ घातलेले पाणी व रेती हलवून तीन तास ठेवावी. वर बसलेला गाळ रेतीच्या थराच्या बाराव्या भागाहून जाड असल्यास रेती धुऊन घ्यावी. सिमेंट एकदम भरून ठेवू नये. तीन महिन्यांत त्याची शक्ती सुमारे पाचव्या भागाने घटते, आणि ओल लागल्यास त्याहून लवकर.

भिंती व छप्पर यांबाबत सर्वांस एकच सल्ला देता येणार नाही. पांढऱ्या मातीच्या दोन फूट जाड भिंती व कवेलूचे छप्पर यांत वऱ्हाडचा उन्हाळा सुसह्य होतो, हे नव्या घरात राहावयास गेलेल्या वृद्धांकडून नित्य ऐकू येते. टिनाखाली दुपारी बसवत नाही. छताच्या स्लॅबवर दरवर्षी चुन्याचे दोन हात दिल्यास आत फरक जाणवतो. मातीच्या घरांवरही एक मर्यादा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार लोक मृत्युमुखी पडले, ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीची जड धाबी कोसळल्यामुळे. तो प्रदेशही तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त मानला जात असे. म्हणून दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड ठिकठिकाणी बसवावेत, आणि भिंत कोणतीही असो, जोत्यावर व दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सर्व भिंतींतून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घ्यावा. काळ्या जमिनीच्या हालचालीसही हा पट्टा बराच आवर घालतो.

पैसा अपुरा असेल तर घर लहान करावे, पाया उथळ करू नये. सन २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. एवढे घर चांगल्या पायावर उभे राहिले तर खोली पुढे वाढविता येते. वाढीव खोली मात्र जुन्या भिंतीत दाते घालून सांधू नये. नवा भाग निराळ्या मापाने बसतो. दोहोंमध्ये बोटभर उभी फट सोडून ती वरून झाकावी. कापूस व कीटकनाशके यांकरिता निजण्या-जेवण्याच्या खोल्यांपासून वेगळी, कुलपाची जागा नकाशातच धरावी. मागाहून ती होत नाही आणि औषधाचे डबे पलंगाखाली जातात.

ज्यांच्या घरास आधीच भेगा आहेत त्यांनी त्या लगेच बुजवू नयेत. भेगेवर आडवी काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांस सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहावी. काच तडकल्यास भिंत अजून हलत आहे असे समजावे. दरम्यान घराभोवतीचे पाणी दूर करावे, पट्टी बांधावी आणि एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ द्यावा. त्यानंतर नवी लावलेली काच वर्षभर अखंड राहिली तर भेग चुना-सिमेंटने भरावी. न राहिल्यास गिलाव्यावर खर्च करण्यापूर्वी अभियंत्यास पाया उघडून दाखवावा.