श्वास थकण्याआधीचा निर्णय

पुण्यात २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा 'व्हेंटिलेटर' हा शब्द घरोघरी पोहोचला. रुग्णाला यंत्रावर घ्यायचे ते नेमके कधी, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. उपचारातील एक अत्यंत अवघड निर्णय तोच असतो.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवते. बहुधा पायांत सुरू होणारा अशक्तपणा छातीपर्यंत चढू शकतो. सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज भासते. फुप्फुसे निरोगीच असतात. थकते ते श्वासपटल. म्हणूनच बोटाला लावलेला ऑक्सिमीटर येथे फसवा ठरतो. त्यावर ९७ टक्के दिसत असतानाही रुग्ण कोसळण्याच्या बेतात असू शकतो. शांत पडलेला रुग्ण नातेवाइकांना बरा वाटतो. प्रत्यक्षात धापा टाकण्याचीही ताकद त्याच्यात उरलेली नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला, की उशीर झालाच म्हणायचा.

त्यामुळे डॉक्टर दर काही तासांनी श्वासाचे बळ मोजतात. छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडला असता बाहेर येणारी हवा दर किलो वजनामागे २० मिलिलिटरच्या खाली गेली, श्वास ओढण्याचा जोर पाण्याच्या ३० सेंटिमीटर दाबाहून आणि सोडण्याचा ४०हून कमी झाला, की धोका जवळ आला असे मानतात. एका आकड्यापेक्षा त्याची घसरण अधिक बोलकी असते. चेहऱ्याचे स्नायू लुळे असतील, तर नळीभोवती ओठ नीट मिटत नाहीत आणि आकडा चुकतो. मग साध्या खुणा उपयोगी पडतात : उशीवरून मान उचलता येते का, एका श्वासात अंक कुठपर्यंत मोजता येतात? गिळणे थांबून लाळ श्वासनलिकेत उतरू लागली, तर आकडे कसेही असोत, नळी घालावी लागते.

'अजून बोलतोय, मग नळी कशाला?' हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. पण मध्यरात्री घाईने नळी घालताना हृदयाचे ठोके व रक्तदाब अचानक कोसळू शकतात. एरवी सर्रास वापरले जाणारे सक्सिनिलकोलिन हे औषधही येथे वर्ज्य. त्याने रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. रुग्णाची शुद्ध सहसा शाबूत असल्याने, होकार-नकाराची खूण नळी घालण्यापूर्वीच त्याच्याशी ठरवून घ्यावी. नंतर त्याला बोलता येत नाही.