गोषा, उंबरठा आणि जनीचा पदर

गोषा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाड्याची उंच भिंत आणि मेण्याचा पडदा उभा राहतो. आपल्या परभणी जिल्ह्यावर 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता. अमीर-उमरावांच्या घरी पडदा असे, तसा देशमुखांच्या वाड्यांतही गोषा पाळला जाई. परंतु गोषा परवडायलाही ऐपत लागे. जिच्या घरी पाणी भरायला माणूस, तीच माजघरात बसू शके. शेतात खुरपणारीला भिंत नव्हती. डोक्यावरचा पदर मात्र तिलाही सुटला नव्हता. तेव्हा स्त्रीचा कोंडमारा काव्यात शोधायचा, तर भिंतीपेक्षा पदराकडे अधिक पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

याला उत्तम साक्ष आपल्याच गंगाखेडच्या जनाबाईची. तेराव्या-चौदाव्या शतकातील ही संत कवयित्री. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांची दासी म्हणून आयुष्यभर राबली. दळण, कांडण, शेणगोठा, नदीचे पाणी ही तिची कामे. म्हणजे तिला गोषा नव्हताच! तरीही एकटेपणा होता, आणि तो वाड्यातल्या बाईपेक्षा कमी नव्हता. वाड्यातल्या बाईभोवती माणसे होती, मोकळीक नव्हती. जनीला अंगण होते, पण आपले म्हणावे असे माणूस नव्हते. म्हणून तिच्या अभंगांत विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो, पाणी वाहतो, आईने करावे तसे तिचे केसही विंचरतो. हा नुसता चमत्कार म्हणून वाचू नये. ज्या कामात सोबतीला कोणी नाही, नेमक्या त्याच कामात देव आला आहे.

याच जनीच्या नावावरील एका अभंगात डोक्यावरचा पदर घसरतो, आणि ती टाळ-वीणा घेऊन भर बाजारातून निघते. अशा बाईला समाज जे दूषण देई, ते ती आपण होऊनच स्वतःला लावून घेते. यावर कोणी म्हणेल, हे भक्तीचे रूपक आहे. आहेच. पण रूपकाला जोर कोठून आला? पदर ढळणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती, हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होते, म्हणूनच.

याच्या शेजारी ताटीचे अभंग ठेवून पाहावेत. तेथे रुसून दार लावून बसले आहेत ज्ञानदेव, आणि बाहेर उभी राहून ते उघडण्याची विनवणी करते आहे धाकटी बहीण मुक्ताई. पुरुषाचे दार त्याने स्वतः लावलेले असते आणि मनात येईल तेव्हा त्याला उघडता येते. स्त्रीच्या दाराची कडी बहुधा दुसऱ्याच्या हाती असे.

मग सामान्य बाई बोलली कोठे? पहाटेच्या जात्यावर. घर निजलेले, दगडाची घरघर चाललेली. सासूच्या देखत जे बोलता येत नसे, ते ओवीत येई. माहेरची वाट, भावाची भेट, न सांगितलेले दुःख. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी 1980 नंतरच्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक जणी निरक्षर होत्या.

पिठाची गिरणी आली आणि बाईच्या हातांना विसावा मिळाला. हे चांगलेच झाले. पुन्हा जाते ओढा, असे कोण म्हणेल? पण त्या दळणाबरोबर तिची बोलण्याची जागाही गेली. ज्यांच्या घरी ओव्या आठवणाऱ्या आजी आहेत, त्यांनी एखाद्या सकाळी त्यांच्यापाशी बसून त्या उतरवून घ्याव्यात. जनीचे अभंग वारकऱ्यांनी गाऊन राखले. या बायकांच्या ओव्या राखणे आपल्याच हाती आहे.