न बदललेल्या ओळीची चूक

कार्यक्रमाची एक ओळही बदललेली नसते, आणि तरी व्हिज्युअल स्टुडिओमधील डिझायनर उघडेनासा होतो. पिशोरसारख्या गावातून आलेला होतकरू मुलगा अशा वेळी स्वतःच्याच बुद्धीला बोल लावतो. तसे करू नये, असे आम्हांस वाटते. मळ्यातला पंप बंद पडला, तर आपण नवी विहीर खोदीत नाही. आधी फ्यूज पाहतो. येथेही प्रथम 'बिन' व 'ऑब्ज' या फोल्डरांतील शिळा माल काढून बांधणी नव्याने करावी.

तरीही दोष राहिला तर? डिझायनर नुसते चित्र दाखवीत नाही. फॉर्मवरील घटकांचा कोड तो खरोखर चालवितो. २०२१ च्या नोव्हेंबरात हे साधन ६४ बिटांचे झाले, तेव्हा जुने ३२ बिटांचे घटक त्यात उघडेनात. तयार कार्यक्रम मात्र बिनघोर चाले. दोष मुलाचा नव्हता, दोन घरांच्या मापांचा होता. म्हणून काय बिघडले, याआधी ते कोठे बिघडले, हे विचारावे.