बालकांचे रक्तविकार आणि पेशी-उपचारांच्या चाचण्या : पालकांनी काय जाणून घ्यावे?

सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूरपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. थॅलेसेमियाची बालके खानदेशातही आहेत. जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव असलेले बालक मात्र क्वचितच आढळते. अशा बालकांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : ‘पेशी बदलल्या की आजार मुळातून जातो म्हणतात, मग आमच्या लेकराला हा उपचार मिळेल का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

या तिन्ही आजारांत दोष अस्थिमज्जेतील मूलपेशींमध्ये असतो. रक्तातील तांबड्या व पांढऱ्या पेशी याच मूलपेशींपासून तयार होतात. बी सदोष असेल तर पीकही सदोष येणार, तसाच हा प्रकार. म्हणून निरोगी दात्याच्या मूलपेशी देणे, म्हणजेच अस्थिमज्जा प्रत्यारोपण, हा उपचार रूढ झाला. प्रतिकारशक्तीहीन बालकावर तो १९६८ साली अमेरिकेत यशस्वी झाला. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगासाठी करण्यात आले. अडचण दात्याची असते. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते.

दाता नसल्यास बालकाच्याच मूलपेशी बाहेर काढून, त्यांतील दोष दूर करून त्या परत देता येतील काय, या विचारातून नव्या चाचण्या सुरू झाल्या. पॅरिस व लंडन येथे जन्मजात प्रतिकारशक्तीहीन अशा वीस बालकांवर सुरुवातीचे उपचार झाले. बहुतेकांची प्रतिकारशक्ती सुधारली. परंतु पुढील काही वर्षांत त्यांपैकी पाच बालकांना रक्ताचा कर्करोग झाला व त्यातील एक दगावले. या दुःखद अनुभवातून शास्त्रज्ञांनी पद्धत बदलली आणि पुढील चाचण्या अधिक सुरक्षित झाल्या. चाचणीत आशा व धोका हातात हात घालून येतात, हे यावरून ध्यानी यावे.

सिकलसेलवर जनुक-संपादनाने तयार केलेल्या पेशींचा पहिला उपचार २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाला. गर्भात असताना बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, ते जन्मानंतर जवळजवळ बंद होते; या उपचाराने ते पुन्हा सुरू केले जाते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या ३० रुग्णांपैकी २९ जण सलग किमान बारा महिने तीव्र वेदनांच्या झटक्यांपासून मुक्त राहिले. मात्र हे रुग्ण बारा वर्षे व त्यापुढील वयाचे होते. पेशी परत देण्यापूर्वी तीव्र औषधे द्यावी लागतात व त्यामुळे पुढे अपत्यप्राप्तीस बाधा येऊ शकते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरविण्यात आली.

हा खर्च आवाक्यात यावा म्हणून भारतातही प्रयत्न होत आहेत. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने सिकलसेलसाठी ‘बिरसा १०१’ हा जनुक-संपादन उपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली व तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. ही अभिमानाची बाब आहे. परंतु घोषणा होणे आणि उपचार रुग्णालयात उपलब्ध होणे, यांत चाचण्यांची मोठी वाट असते.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाचणी म्हणजे सिद्ध झालेला उपचार नव्हे. भारतातील प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत असणे आवश्यक असून ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. म्हणून प्रथम नोंदणी क्रमांक मागावा. नीतिशास्त्र समितीची मान्यता आहे काय, दुष्परिणाम झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, किती वर्षे तपासणीसाठी जावे लागेल, हे विचारावे. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत असावे, ते घरी नेऊन वाचावे. सात वर्षांवरील बालकाचे म्हणणेही विचारात घेतले जाते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते व त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीतील उपचारासाठी कोणी पैसे मागितल्यास तेथेच सावध व्हावे. जन्मजात आजारात बाळाच्या स्वतःच्या नाळरक्तातही तोच दोष असतो, हेही विसरू नये.

तोवर आज हाती असलेले उपाय लहान नाहीत. विवाहापूर्वी व गरोदरपणी रक्ततपासणी, वेळेवर लसीकरण, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, सुरक्षित रक्ताचा पुरवठा यांनी अनेक बालके जगतात व शाळेत जातात. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. उद्या नवा उपचार सिद्ध झाला, तर त्याचा लाभ घेण्यासाठी बालक त्या दिवसापर्यंत सुदृढ राहिले पाहिजे आणि त्याच्या आजाराची अचूक नोंद हाती असली पाहिजे. हे काम मुंबई-पुण्यात नव्हे, तर अमळनेरसारख्या गावीच व्हावयाचे आहे. दात्यांनी दिलेली रक्ताची एक पिशवी, तपासणीचा खर्च किंवा मुंबईच्या प्रवासाचे भाडे हे याच प्रतीक्षेला दिलेले बळ होय.