मांजराची नखे काढणे म्हणजे काय?

सोफा किंवा पडदे ओरबाडणाऱ्या मांजराची नखे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत अनेक दशके रूढ होती. नखे काढणे हे तिचे नाव मात्र फसवे आहे. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते. ते कायमचे काढायचे तर ते हाडच छाटावे लागते. पुढच्या दोन पंजांसाठी अशी दहा बोटे छाटली जातात.

मांजर बोटांवर चालते. त्यामुळे तिची चाल बदलते आणि पाठदुखी जडू शकते. दुखऱ्या पंजांनी माती उकरवत नाही, म्हणून काही मांजरे घरात इतरत्र घाण करतात. नखे गमावलेली काही मांजरे चावू लागतात. फर्निचर वाचवण्याचा हा उपाय अखेर मालकालाही महागात पडतो.

ब्रिटनमध्ये अशा शस्त्रक्रियेस मनाई आहे. तिच्यावर बंदी घालणारे न्यूयॉर्क हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले, ते २०१९ मध्ये. भारतातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याचे अंगविच्छेदन हा गुन्हा आहे.

ओरबाडणे ही खोड नव्हे, गरज आहे. त्याने नखांचे जुने कवच गळते, अंग ताणले जाते आणि पंजांच्या वासाने हद्द आखली जाते. सोफ्याशेजारी सुंभ गुंडाळलेला, भक्कम व उंच खांब ठेवावा, दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची केवळ टोके कापावीत. सोफ्याला पडलेला ओरखडा शिवता येतो. छाटलेले बोट पुन्हा येत नाही.