शैवालप्रकोपावर श्राव्यातीत ध्वनीचा उपाय

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहर व परिसरातील सुमारे पाच लाख रहिवाशांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना देण्यात आली. इरी सरोवरात नील-हरित शैवालांची बेसुमार वाढ झाली होती. त्यांतून निर्माण होणारे मायक्रोसिस्टिन हे यकृतास घातक विष पाणी उकळूनही नष्ट होत नाही.

अशा अनेक शैवालांच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या आधारे शैवाल पृष्ठभागी तरंगते आणि सूर्यप्रकाश मिळवते. २०,००० हर्ट्झहून अधिक वारंवारतेच्या, म्हणजेच श्राव्यातीत ध्वनीमुळे या पोकळ्या कोसळतात. शैवाल तळाकडे जाते व प्रकाशाअभावी त्याची वाढ खुंटते. पाण्यात रसायने मिसळावी लागत नाहीत, हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

तथापि, ध्वनीची तीव्रता फार वाढल्यास पेशी फुटून विष पाण्यात उतरते. अंतरानुसार ध्वनी क्षीण होत असल्याने विस्तीर्ण जलाशयांत परिणामाची खात्री देता येत नाही. ध्वनी थांबताच पोकळ्या पुन्हा तयार होऊ शकतात.

मूळ कारण आहे सांडपाणी व खतांतून येणारे फॉस्फरस आणि नायट्रोजन. प्रदूषण करतो एक आणि यंत्रणेचा खर्च सोसतो पाणी वापरणारा. अर्थशास्त्र यालाच बाह्यपरिणाम म्हणते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व मान्य केले. सांडपाणी उगमापाशीच शुद्ध करणे हा त्या तत्त्वाशी सुसंगत मार्ग आहे. ध्वनियंत्रणा त्यास केवळ पूरक ठरू शकते.